तंबूच्या आत चूल पेटवणारा सेनानी: हेन्री सिब्लीने थंडीवर काढलेला तोडगा आणि त्याची स्वतःची शोकांतिका

हिवाळ्यात लडाख किंवा स्पितीला जाऊन आलेल्यांना बुखारी ठाऊक असते. पत्र्याचा गोल डबा, त्याच्या पोटात पेटलेली लाकडे आणि छतातून बाहेर गेलेली उभी नळी. बाहेर पाणी गोठलेले असते आणि आत माणसे स्वेटर काढून गप्पा मारत बसलेली असतात. दगडमातीच्या घरात हे समजण्यासारखे आहे. पण हीच चूल कापडाच्या तंबूत लावायची म्हटली तर? एक ठिणगी उडाली तरी तंबू पेटणार. तंबू घट्ट बंद केला तर माणसे गुदमरणार, उघडा ठेवला तर गारठणार.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या एका घोडदळ अधिकाऱ्याने या प्रश्नावर असे उत्तर शोधले, की पुढे कित्येक दशके अमेरिकी लष्कराने ते वापरले. त्याचे नाव हेन्री हॉपकिन्स सिब्ली. सिब्ली तंबू आणि सिब्ली स्टोव्ह या दोन वस्तूंनी त्याचे नाव जिवंत ठेवले. गंमत अशी, की या तंबूंची सर्वात मोठी खरेदी त्याच्या शत्रूने केली आणि त्याला स्वतःला त्या खरेदीतून काहीच मिळाले नाही.

कोण होता हा सिब्ली? त्याने नेमके काय केले? चला, जाणून घेऊया.

पोरका मुलगा ते घोडदळाचा अधिकारी

हेन्री सिब्लीचा जन्म २५ मे १८१६ रोजी अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, नॅकिटोश या गावी झाला. तो जेमतेम सात वर्षांचा असताना वडील वारले. मग त्याला मिसुरी राज्यात काका जॉर्ज सिब्ली आणि काकू मेरी यांच्याकडे पाठवण्यात आले. याच दांपत्याने तिथे मुलींची शाळा काढली होती. आज ती लिंडनवूड विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

पुढे तो वेस्ट पॉइंट या प्रसिद्ध लष्करी अकादमीत दाखल झाला आणि १८३८ साली पदवीधर झाला. वर्गातला त्याचा क्रमांक काही फार वरचा नव्हता. घोड्यावरून जाऊन लढणाऱ्या ड्रॅगून पलटणीत त्याची नेमणूक झाली. फ्लोरिडाच्या दलदलीत सेमिनोल लोकांविरुद्धचे युद्ध, मग १८४६ ते १८४८ चे मेक्सिकोविरुद्धचे युद्ध असा त्याचा प्रवास झाला. मेक्सिकोत दाखवलेल्या शौर्याबद्दल त्याला मानद मेजर हा हुद्दा मिळाला. १८४० साली त्याचे शार्लट केंडल हिच्याशी लग्न झाले होते.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. त्याच काळात हेन्री हेस्टिंग्ज सिब्ली नावाचा आणखी एक गृहस्थ होता, जो मिनेसोटा राज्याचा पहिला गव्हर्नर झाला. पुस्तकांतही अनेकदा या दोघांची गल्लत होते. तंबूवाला सिब्ली तो नव्हे.

टेक्सासच्या मैदानात सापडलेले उत्तर

१८५० च्या दशकात सिब्ली टेक्सासच्या सीमेवरील ठाण्यांवर होता. तिथल्या गवताळ मैदानांवर हिवाळ्यात उत्तरेकडून अचानक बोचरे वारे सुटतात. सकाळी उबदार असलेला दिवस दुपारपर्यंत हाडे गोठवणारा होतो. लष्कराच्या त्या वेळच्या तंबूंत या थंडीवर काहीच उपाय नव्हता. आडव्या दांडीवर टाकलेले कापड आणि दोन बाजूंना उतार, एवढीच त्यांची रचना. शेकोटी पेटवायची ती बाहेर, आणि झोपायचे आत. म्हणजे ऊब एकीकडे आणि माणूस दुसरीकडे.

त्याच मैदानांवर कोमांची आणि इतर मूळ रहिवासी मात्र पिढ्यान्‌पिढ्या निवाऱ्याच्या आत आग पेटवून राहत होते. त्यांच्या शंकूच्या आकाराच्या घराला टीपी म्हणतात. उंच काठ्यांचा सांगाडा, त्यावर रानगव्यांची कातडी, मध्यभागी आग आणि शेंड्याला धूर जाण्यासाठी तोंड. त्या तोंडाला दोन कानांसारख्या झडपा असत. वारा ज्या दिशेने येईल त्याप्रमाणे लांब काठ्यांनी त्या झडपा फिरवल्या, की धूर आत न कोंडता बाहेर ओढला जाई. आतून आणखी एक अस्तर लावले जाई. बाहेरची थंड हवा अस्तराच्या मागून वर चढे, धुराला बाहेर ढकलायला मदत करी आणि झोपलेल्या माणसाच्या अंगावर झोत येत नसे. टीपी शिवणे, उभारणे आणि उतरवणे हे बायकांचे काम होते आणि बहुतेक जमातींत घराची मालकीही त्यांचीच असे.

सिब्लीने हे पाहिले आणि त्यातले मर्म उचलले. धूर काढायचा तर भिंतीत भोक पाडून भागत नाही. गरम हवा हलकी होऊन वर जाते, म्हणून तिला वर निमुळती होत जाणारी वाट द्यायची. मग खालून ताजी हवा आपोआप आत येते.

पण टीपी जशीच्या तशी लष्कराला परवडणारी नव्हती. डझनभर लांब काठ्या घोड्यांवर लादून कुठे फिरवायच्या? सिब्लीने त्या सगळ्या काठ्या काढून टाकल्या आणि मध्ये एकच खांब ठेवला. आता नवी अडचण उभी राहिली. आग पेटवायची ती बरोबर मध्यभागी, आणि तिथेच तर खांब! यावर त्याने लोखंडी तिपाईचा उपाय काढला. खांब जमिनीत न रोवता तिपाईच्या डोक्यावर उभा केला. तिपाईच्या तीन पायांमध्ये आगीला जागा झाली आणि वरून साखळीने भांडे टांगण्याचीही सोय झाली. शिवाय तिपाईचे पाय जवळ किंवा लांब केले, की कापड ताणता किंवा सैल करता येई.

२२ एप्रिल १८५६ रोजी त्याला या तंबूचे पेटंट मिळाले. सुमारे १८ फूट व्यास आणि १२ फूट उंची असलेल्या या तंबूत बारा सैनिक आरामात राहत, दाटीवाटीने वीसही मावत. सगळ्यांचे पाय मध्याकडे आणि डोकी कडेला. वरून पाहिले तर बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी रचना.

आणि मग आली चूल

उघडी आग तंबूत पेटवणे शक्य झाले, पण ते सुखाचे नव्हते. वारा फिरला की धूर आत कोंडे, डोळे चुरचुरत, ठिणग्या उडत. लाकूडही भरमसाट जळे आणि बरीचशी ऊब धुरासोबत निघून जाई. म्हणून या तंबूला जोड मिळाली ती सिब्ली स्टोव्हची.

हा स्टोव्ह दिसायला इतका साधा होता, की तो कुणी शोधून काढला असेल असे वाटणार नाही. पातळ लोखंडी पत्र्याचा शंकू, वर निमुळता, खाली रुंद. एका बाजूला लाकडे घालायचे दार. शेंड्यावर धुराड्याच्या नळीचे तुकडे एकात एक अडकवायचे आणि ती नळी तंबूच्या शेंड्यातून बाहेर काढायची. त्याला तळच नव्हता. शंकू सरळ जमिनीवर ठेवायचा आणि कडेने माती लावायची. आग भडकवायची असेल तर कडेखालची थोडी माती उकरायची, म्हणजे हवा आत शिरे. मंद करायची असेल तर ती फट पुन्हा बुजवायची. मोडण्यासारखा एकही सुटा भाग त्यात नव्हता आणि एक सैनिक तो सहज उचलून नेऊ शकत असे.

शंकूचा आकारही उगाच नव्हता. पत्रा पातळ असल्याने तो लवकर तापतो आणि उष्णता चारी बाजूंना फेकतो. धूर निमुळत्या वाटेने थेट नळीत जातो. नळी जितकी उंच आणि गरम, तितकी ती धूर जोराने वर ओढते. आपल्याकडे गिरणीचे किंवा वीटभट्टीचे धुराडे उंच का असते, त्याचे कारणही हेच.

युटाचा हिवाळा: खरी परीक्षा

१८५७ साली अमेरिकी सरकारने मॉर्मन पंथीयांच्या ताब्यातील युटा प्रदेशावर फौज पाठवली. सिब्ली या मोहिमेत होता. फौज निघाली उशिरा आणि डोंगराळ प्रदेशात पोहोचेपर्यंत बर्फ सुरू झाले. त्यातच मॉर्मन स्वारांनी रसदीच्या गाड्या जाळल्या आणि मुक्कामाचे ठिकाण असलेला फोर्ट ब्रिजरही आधीच पेटवून दिला. सिब्लीच्या पलटणीने वाटेतल्या थंडीत आणि उपासमारीत शंभराहून अधिक घोडे गमावले.

आजच्या वायोमिंग राज्यात, फोर्ट ब्रिजरजवळ, या फौजेला अख्खा हिवाळा उघड्यावर काढावा लागला. घरे नव्हती, पुरेसे अन्न नव्हते. होते ते फक्त तंबू आणि आसपासच्या झाडांचे सरपण. सिब्ली तंबूंची इतकी कठोर परीक्षा आधी कधी झाली नव्हती. जनावरे मोठ्या संख्येने मेली, पण फौज वसंत ऋतूपर्यंत तग धरून राहिली. याच मोहिमेतला अधिकारी रँडॉल्फ मार्सी याने १८५९ साली प्रवाशांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकात या तंबूचे वर्णन केले. त्यामुळे पश्चिमेकडे निघालेल्या सामान्य कुटुंबांपर्यंतही त्याची कीर्ती पोहोचली.

१८५८ साली सरकारने सिब्लीशी करार केला. लष्करासाठी बनणाऱ्या प्रत्येक तंबूमागे ५ डॉलर मानधन. त्यातला निम्मा वाटा त्याने विल्यम बर्न्स या सहकारी अधिकाऱ्याच्या नावे केला. शांततेच्या काळात लष्कर छोटे होते, त्यामुळे रक्कमही छोटीच होती. तीन वर्षांनी चित्र पूर्ण बदलणार होते.

चुकीची बाजू

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्ये संघराज्यातून फुटली. सिब्ली दक्षिणेचा. बढती मिळाली त्याच दिवशी, १३ मे १८६१ रोजी, त्याने राजीनामा दिला आणि तो दक्षिणेच्या फौजेत ब्रिगेडियर जनरल झाला. बर्न्स मात्र उत्तरेच्या बाजूने राहिला.

सिब्लीची योजना भव्य होती. टेक्सासातून निघायचे, न्यू मेक्सिको जिंकायचे, तिथून कोलोरॅडोच्या सोन्याच्या खाणी आणि शेवटी कॅलिफोर्नियाची बंदरे घ्यायची. रसद? ती शत्रूच्या कोठारांतून मिळेलच, असे त्याचे गणित होते. हेच गणित त्याला भोवले.

२१ फेब्रुवारी १८६२ रोजी वाल्व्हर्दे येथे रिओ ग्रांदे नदीकाठी त्याच्या फौजेने लढाई जिंकली, पण ऐन लढाईत सिब्लीने आजारपणाचे कारण देऊन सूत्रे दुसऱ्याच्या हाती सोपवली होती. ते आजारपण दारूचे होते, अशी कुजबुज त्याच्याच सैनिकांत होती आणि ती त्याला आयुष्यभर चिकटली. उत्तरेच्या अधिकाऱ्यांनी माघार घेताना अल्बुकर्कची कोठारे जाळून टाकली. त्यामुळे विजय मिळाला, पण पोट रिकामेच राहिले.

मार्च महिन्याच्या अखेरीस ग्लोरिएटा खिंडीत निर्णायक लढाई झाली. मुख्य रणांगणावर दक्षिणेची सरशी होत असताना उत्तरेची एक तुकडी डोंगरावरून मागे उतरली आणि तिने सिब्लीच्या रसदीच्या सगळ्या गाड्या पेटवून दिल्या. अन्न, दारूगोळा, औषधे, पांघरुणे, सगळे राख झाले. थंडीपासून सैनिकांना वाचवण्यासाठी तंबू आणि चूल घडवणाऱ्या माणसाची फौज आता डोंगरातल्या बर्फात पांघरुणाविना पडली होती.

या फौजेचे जखमी सांता फे शहरात पोहोचले तेव्हा त्यांच्या मदतीला धावून आली ती शत्रूच्या सेनापतीची पत्नी लुईसा कॅन्बी. तिने जखमींची शुश्रूषा केली आणि उत्तरेच्या लष्कराने लपवून ठेवलेल्या घोंगड्या कुठे आहेत, ते दाखवून दिले. दक्षिणेच्या कित्येक सैनिकांनी तिचे उपकार नंतरही स्मरणात ठेवले.

सिब्लीला टेक्सासपर्यंत माघार घ्यावी लागली. उत्तरेच्या किल्ल्याला वळसा घालण्यासाठी फौज ओसाड डोंगरांतून गेली. गाड्या, सामान, आजारी माणसे वाटेत सोडावी लागली. शेकडो माणसे परत आलीच नाहीत. पुढच्या वर्षी लुइझियानातील एका लढाईनंतर त्याच्यावर लष्करी खटला चालला. त्यातून तो सुटला, पण पुन्हा त्याच्याकडे महत्त्वाची जबाबदारी आली नाही.

तंबू शत्रूचे, हिशेब कोर्टात

इकडे उत्तरेचे लष्कर काही महिन्यांत प्रचंड फुगले होते. लाखो नव्या सैनिकांना निवारा हवा होता. सरकारने जो तंबू मोठ्या प्रमाणावर बनवून घेतला, तो होता सिब्ली तंबू. एकूण आकडा चाळीस हजारांच्या पुढे गेला. ५ डॉलरच्या हिशेबाने दोन लाख डॉलरहून अधिक मानधन झाले असते. पण करार करणारा आता बंडखोर होता.

बर्न्सने मात्र आपल्या निम्म्या वाट्यासाठी दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. एक लाख डॉलरहून अधिक रक्कम त्याला मंजूर झाली. सिब्लीच्या वाट्याची तितकीच रक्कम सरकारकडेच राहिली.

आणि ज्यांच्या घरावरून ही सगळी कल्पना सुचली, त्या मैदानी जमातींचे काय? त्यांना मानधन देण्याचा प्रश्न कुणाच्या मनातही आला नसावा. पुढच्या दशकांत हेच लष्कर त्यांच्या टीपींच्या वस्त्या उद्ध्वस्त करत होते.

युद्धभूमीवर सिब्ली तंबूची सद्दीही फार टिकली नाही. तो जड होता आणि वाहून न्यायला गाड्या लागत. त्यामुळे चालत्या फौजेने दोन सैनिकांच्या पाठीवर मावणारा छोटा तंबू स्वीकारला. कायमच्या छावण्यांत मात्र तो राहिला. तिथे त्याचा एक दोषही उघड झाला. पावसाळी रात्री बारा-पंधरा माणसे दारे-झडपा बंद करून झोपली, की सकाळी आतली हवा असह्य होई. स्टोव्ह मात्र तंबूपेक्षा चिवट निघाला. लष्कराने तो विसाव्या शतकातही वापरला.

अखेरची वर्षे

युद्धानंतर सिब्लीच्या हाताशी ना नोकरी होती ना पैसा. १८७० च्या सुमारास इजिप्तचा शासक खेदिव इस्माईल याने अमेरिकी यादवी युद्धातले अधिकारी नोकरीवर घ्यायला सुरुवात केली. त्यात उत्तरेचे होते तसे दक्षिणेचेही. सिब्ली तिथे तोफखान्याचा अधिकारी झाला. पण दारू आणि आजारपणाने इथेही पाठ सोडली नाही. काही वर्षांतच त्याला काढून टाकण्यात आले.

उरलेले आयुष्य त्याने व्हर्जिनियातील फ्रेडरिक्सबर्ग येथे मुलीकडे काढले. तंबूचे पैसे मिळावेत म्हणून तो शेवटपर्यंत सरकारदरबारी अर्जविनंत्या करत राहिला. त्या फळाला आल्या नाहीत. २३ ऑगस्ट १८८६ रोजी गरिबीतच त्याचा मृत्यू झाला.

आजच्या तंबूत काय बदलले?

आज थंड प्रदेशांत कॅम्पिंगला जाणारे लोक घडीचे, वजनाला हलके लाकडी स्टोव्ह घेऊन जातात. नळी जिथून बाहेर पडते तिथे तंबूला आग न लागणाऱ्या कापडाचे ठिगळ असते आणि नळीच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी जाळी. पण तत्त्व सिब्लीच्या, खरे तर टीपीच्याच काळातले आहे. धुराला वरची वाट आणि ताज्या हवेला खालची वाट. यातली एकही बंद करून चालत नाही.

याचे कारण दिसणाऱ्या धुरापेक्षा न दिसणारा वायू आहे. लाकूड किंवा कोळसा अपुऱ्या हवेत जळला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या येतात, त्या याच वायूमुळे.

विशेष म्हणजे धडधडत्या ज्वाळेपेक्षा विझत आलेले निखारे अधिक घातक ठरू शकतात. आग मंदावली की नळी थंड होते, तिची ओढ कमी होते आणि वायू आतच साचू लागतो. नेमकी हीच वेळ सगळे गाढ झोपलेले असण्याची. म्हणून झोपताना चूल पूर्ण विझवावी किंवा कुणीतरी जागे राहून ती सांभाळावी, वरची आणि खालची झडप थोडी उघडी ठेवावी आणि जवळ कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे छोटे यंत्र बाळगावे. नळी नसलेली शेगडी तर तंबूत कधीच नेऊ नये.

सेनापती म्हणून सिब्लीचे नाव आज एका फसलेल्या मोहिमेपुरते उरले आहे. पण बर्फात तंबू ठोकून मध्ये पत्र्याची चूल पेटवणारा प्रत्येक जण त्याचे ऋण वापरतो आणि त्याच्याही आधी टेक्सासच्या मैदानावर झडपांचे कान वाऱ्याप्रमाणे फिरवणाऱ्या बायकांचे.